प्रकल्प नोंदी : पॅरासिटामॉलची गोळी, दाब आणि दाबाचा वेळ

१० जून २०२५

पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅची गोळी. एकूण वजन ५८० मिग्रॅ, १२.५ मिमी गोल पंच (पावडर दाबणारा दांडा). आमच्या लहान रोटरी मशीनवर ती छान निघते : हार्डनेस (गोळी मोडायला लागणारा जोर) ११० ते १२० न्यूटन, फ्रायबिलिटी (घुसळल्यावर होणारी वजनाची घट) अर्ध्या टक्क्याच्या आत. तोच ब्लेंड (मिसळलेली पावडर) प्लांटच्या मोठ्या मशीनवर ६० आरपीएमला (मिनिटाला फेरे) घेतला की टोपी उडते, म्हणजे गोळीचा वरचा भाग सुटतो; यालाच कॅपिंग म्हणतात. फोर्स वाढवत नेला तर १५ किलोन्यूटनपर्यंत हार्डनेस चढतो आणि तिथून पुढे उतरायला लागतो. म्हणजे जास्त दाबलं की गोळी आणखी कमकुवत होते.

प्रॉडक्शनचं म्हणणं सरळ आहे : बाइंडर, म्हणजे कण चिकटवणारा पदार्थ, वाढवा. आमचा बाइंडर पीव्हीपी के-३० सध्या ३ टक्के आहे, ४ करू, ५ करू. त्याने एखादी बॅच निघूनही जाईल. पण गोळी का तुटते हे कळल्याशिवाय मी फॉर्म्युला हलवणार नाही.

पहिला हिशेब ड्वेल टाइमचा. पंचच्या डोक्यावरचा सपाट भाग प्रेशर रोलरखाली जेवढा वेळ असतो, तेवढाच वेळ पावडरवर पूर्ण दाब राहतो. हा सपाट भाग दोन्ही मशीनवर ९.५ मिमी. लहान मशीनचा पिच सर्कल (पंच फिरतात त्या वर्तुळाचा व्यास) १९० मिमी, वेग २० आरपीएम. पंच सेकंदाला साधारण २०० मिमी सरकतो, ड्वेल टाइम ४८ मिलिसेकंद. मोठ्या मशीनचा पिच सर्कल ४१० मिमी, वेग ६० आरपीएम. पंच सेकंदाला जवळजवळ १२९० मिमी जातो आणि ड्वेल टाइम ७.४ मिलिसेकंदांवर येतो. फोर्स तोच, वेळ साडेसहा पट कमी. बॅच रेकॉर्डमध्ये किलोन्यूटन आहेत, आरपीएम आहेत, हा आकडा कुठेच नाही. तो असायला हवा.

११ जून

पावडरला दोष देण्याआधी मशीन तपासणं भाग होतं. कॉम्प्रेशन मशीन चालवणाऱ्या काकांना विचारलं. त्यांनी डाय (पावडर ज्या साच्यात दाबली जाते तो) काढून आतल्या भिंतीवरून नख फिरवलं. वर्षानुवर्षं एकाच उंचीवर दाब पडला की तिथे डायला रिंग पडते, आणि बाहेर येताना गोळी त्या अरुंद कडेतून ओढली जाते. दोन डायमध्ये नख अडकलं. त्या उलट्या करून बसवल्या. टरेटच्या (पंच आणि डाय धरून फिरणाऱ्या चाकाच्या) एका पूर्ण फेरीच्या गोळ्या स्टेशनच्या, म्हणजे पंच-डायच्या जोडीच्या, क्रमाने ट्रेमध्ये घेतल्या. कॅपिंग सगळ्याच स्टेशनांवर विखुरलेलं आहे, ठरावीक पंचांवर नाही. दोष टूलिंगचा नाही, हे पक्कं झालं.

१३ जून

तुटलेल्या गोळ्या स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली पाहिल्या. टोपी अगदी ठरलेल्या जागी सुटते : वरचा घुमट संपून सरळ कड सुरू होते त्या रेषेवर. कडेवर उभे बारीक ओरखडे आहेत, ते डायमधून बाहेर येतानाचे. तुटलेला पृष्ठभाग चकाकत नाही, खडबडीत आहे, आणि त्यात ग्रॅन्युल (बाइंडरने बांधलेले पावडरीचे दाणे) अख्खे दिसतात. सुईच्या टोकाने एक ग्रॅन्युल हलवून पाहिला, सबंध निघाला. मागे उरलेला खळगा गुळगुळीत होता. म्हणजे भेग ग्रॅन्युलच्या पोटातून न जाता दोन ग्रॅन्युलच्या मधून गेली आहे. ग्रॅन्युल घट्ट आहेत, त्यांचा एकमेकांशी जोड कच्चा आहे. ग्रॅन्युलच्या आत आणखी पीव्हीपी घालून हा जोड सुधारेल अशी मला फारशी आशा नाही.

मायक्रोमीटरने व्यास घेतला. डायचं छिद्र १२.५० मिमी, गोळी निघाल्या निघाल्या १२.५८. दुसऱ्या दिवसासाठी काही वेगळ्या ठेवल्या आहेत. फुगवटा अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त; ऐकायला किरकोळ वाटतो. पण गोळी डायमधून बाहेर येते तेव्हा वरचा भाग मोकळा होऊन फुगतो आणि खालचा भाग अजून भिंतींत आवळलेला असतो. डायच्या तोंडाशी, त्या एका रेषेवर, एकाच गोळीत दोन वेगवेगळे आकार असतात. जोड कच्चा असला की तिथेच सुटणार.

१७ जून

आजची तपासणी आयआर (इन्फ्रारेड) तपासणीसाठी पेलेट बनवायच्या केबीआर (पोटॅशियम ब्रोमाइड) प्रेसवर. महागडा कॉम्पॅक्शन सिम्युलेटर आमच्याकडे नाही, पण १३ मिमीची डाय आणि दाबाचा काटा एवढ्यावरही बरंच कळतं.

आधी डायमध्ये पावडरऐवजी पोलादी तुकडा ठेवून २ टनांवर आणलं आणि पंप थांबवला. मिनिटभर काटा जागचा हलला नाही. प्रेसमध्ये गळती नाही हे कळलं. या डायवर २ टन म्हणजे १४८ मेगापास्कल.

मग एमसीसी १०२, म्हणजे मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज. दोन टनांवर पंप थांबवला आणि काटा डोळ्यांदेखत खाली येऊ लागला. सुरुवातीला भरभर, मग संथ. मिनिटाअखेर १.७. मक्याच्या स्टार्चचा (आमच्या ग्रॅन्युलमध्ये स्टार्च आहे) काटा त्याहून खाली, १.६ च्या आसपास. डायबेसिक कॅल्शियम फॉस्फेट डायहायड्रेटचा काटा किंचित हलला आणि १.९५ ला बसला.

पंच जागेवर असताना दाब उतरतो तो आतली पावडर अजून सरकत असते म्हणून. एमसीसीचे कण दाबाखाली वाहतात, चपटे होतात, शेजाऱ्याच्या फटीत शिरतात, आणि या सगळ्याला वेळ लागतो. फॉस्फेटचे कण फुटतात. फुटण्याचं काम क्षणात आटोपतं, त्यानंतर थांबण्यासारखं काही उरत नाही. प्लॅस्टिक (दाबाखाली वाहणारा) आणि ब्रिटल (फुटणारा) हे दोन शब्द बी. फार्म.ला सगळेच लिहितात, पण हा काटा उतरताना एकदा तरी प्रत्येकाने बघावा. नव्या ट्रेनी मुलीला मुद्दाम बोलावून दाखवला. तिने लगेच विचारलं, "सर, मग सात मिलिसेकंदांत स्टार्च कितीसा सरकणार?" नेमका हाच प्रश्न आहे.

२० जून

हेकेलचे आलेख. आर. डब्ल्यू. हेकेल यांनी १९६१ साली हे समीकरण धातूंच्या भुकटीसाठी मांडलं, औषधवाल्यांनी ते नंतर उचललं. गोळीची घनता भागिले पदार्थाची खरी घनता, हे प्रमाण एकातून वजा करायचं, उरलेल्याच्या व्यस्ताचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्यायचा आणि तो दाबासमोर मांडायचा. सरळ भागाच्या चढाचा व्यस्त म्हणजे सरासरी यील्ड प्रेशर. तो कमी असेल तर पावडर लवकर शरण जाते, जास्त असेल तर चिवटपणे उभी राहते.

एक बिंदू वहीत पूर्ण उतरवून ठेवतो. एमसीसी ३०० मिग्रॅ, १० मिमी सपाट पंच, १० किलोन्यूटन म्हणजे १२७ मेगापास्कल. जाडी ३.१५ मिमी. घनता १.२१३ ग्रॅम प्रति घनसेंमी. खरी घनता १.५६ धरली तर प्रमाण ०.७७७ आणि लॉगॅरिदम १.५०. खरी घनता १.६० धरली तर तोच आकडा १.४२ होतो. गोळी तीच, जाडी तीच, फक्त पिक्नोमीटरच्या (खरी घनता मोजणाऱ्या उपकरणाच्या) आकड्यात जरासा फरक. दाब वाढेल तशी ही चूक फुगत जाते, म्हणून चढही बदलतो. एमसीसीत नेहमी काही टक्के पाणी असतं, त्यामुळे हीलियम पिक्नोमीटरला सँपल कोणत्या अवस्थेत घातलं हे लिहिल्याशिवाय यील्ड प्रेशरला अर्थ नाही. दुसऱ्या प्रयोगशाळेचा आकडा आपल्याशी जुळत नसेल तर आधी हे बघावं.

जाडी डायमध्ये दाबाखाली मोजली की बाहेर काढून, यानेही उत्तर बदलतं. दाबाखालच्या मापात लवचिक दबणंही मिसळलेलं असतं, त्यामुळे यील्ड प्रेशर खऱ्यापेक्षा कमी दिसतं. आमची सगळी मापं बाहेर काढून, चोवीस तासांनंतरची.

निकाल अपेक्षेप्रमाणे. एमसीसीची रेष चढी, फॉस्फेटची जवळजवळ आडवी, लॅक्टोज मोनोहायड्रेट मध्ये. फॉस्फेटची रेष सुरुवातीला वाकते. तो कण फुटण्याचा टप्पा. वेगाचा परिणाम मोजायला आमच्याकडे साधन नाही, पण रॉबर्ट्स आणि रोव यांनी १९८५ मध्ये पंचचा वेग सेकंदाला ०.०३३ मिमीपासून ३०० मिमीपर्यंत नेऊन हे काम केलं आहे. वेग वाढला की प्लॅस्टिक पावडरींचं यील्ड प्रेशर वाढतं, फॉस्फेट आणि कॅल्शियम कार्बोनेट यांना फरक पडत नाही. काट्याने मंगळवारी हेच सांगितलं होतं. आणि आमच्या मोठ्या मशीनवर पंचचा आडवा वेग सेकंदाला १२९० मिमी आहे.

२४ जून

लुब्रिकेशन, म्हणजे पावडर डायला चिकटू नये म्हणून स्टिअरेट मिसळणं. माझ्या मते कुठल्याही लहान लॅबमध्ये पावडर फुटते की वाहते हे ओळखायची ही सगळ्यात स्वस्त चाचणी.

एमसीसी, ०.५ टक्का मॅग्नेशियम स्टिअरेट. लुब्रिकंटशिवाय हार्डनेस २२३ न्यूटन. म्हणजे फेल आणि न्यूटन यांच्या १९७० च्या सूत्राने टेन्साइल स्ट्रेंग्थ (ताण सहन करण्याची ताकद) ४.५ मेगापास्कल. ५ मिनिटं मिसळल्यावर १६८ न्यूटन. ३० मिनिटं मिसळल्यावर ९६. फॉस्फेट, तेवढंच स्टिअरेट : ५ मिनिटांना ३८, ३० मिनिटांना ३७. लुब्रिकंट नसलेलं फॉस्फेट डायमध्ये घट्ट बसतं, म्हणून त्याच्यासाठी ॲसिटोनमध्ये कालवलेलं स्टिअरेट डायच्या भिंतीला कापसाने लावलं, तिथे ३८.

स्टिअरेट कणांभोवती पातळ थर चढवतं, आणि जितकं जास्त मिसळावं तितका तो थर पुरता होतो. एमसीसीचा कण न फुटता चपटा होतो, थर तसाच राहतो, आणि दोन कण एकमेकांना भेटतात ते साबण लावलेल्या हातांनी. फॉस्फेटचा कण फुटतो आणि फुटल्यावर आतला कोरा पृष्ठभाग बाहेर येतो. जुन्या थराचं तिथे काही चालत नाही. स्टार्चचं एमसीसीपेक्षाही वाईट.

आता प्लांटचं बॅच रेकॉर्ड : ब्लेंडरमध्ये लुब्रिकेशन १० मिनिटं. त्यानंतर मोठ्या मशीनचा फीड फ्रेम (डायमध्ये पावडर भरणारा भाग), त्याची पाती पावडर ढवळतच असतात. ते मिसळणं कोणी मोजत नाही, पण ते मिसळणंच आहे. लहान मशीनवर पावडर नुसती ग्रॅव्हिटीने खाली येते.

२७ जून

आज फक्त पॅरासिटामॉलबद्दल, कारण बाकी सगळे मदतनीस आहेत आणि गोळीतला ८६ टक्के भाग हा आहे.

बाजारात मिळणारं पॅरासिटामॉल मोनोक्लिनिक, फॉर्म एक. त्याच्या स्फटिकात हायड्रोजन बंधांनी जोडलेले थर आहेत, पण ते वळ्यावळ्यांचे, घडी घातल्यासारखे. एक थर दुसऱ्यावरून सरकू शकत नाही, कारण वळ्या वळ्यांत अडकतात. सरकायला वाट नाही म्हणून कण दाबाखाली आधी लवचिकपणे दबतो, मग तडकतो, आणि दाब काढला की उरलेला ताण परत देतो. फॉर्म दोन, ऑर्थोऱ्हॉम्बिक, त्यात थर सपाट आहेत, एकावर एक सरकतात, आणि त्याच्या गोळ्या थेट कॉम्प्रेशनने चांगल्या होतात. पण तो मेटास्टेबल, म्हणजे फॉर्म एकमध्ये बदलू शकणारा, त्यामुळे कारखान्यात भरवशाचा नाही. रेणू एकच, फक्त रचण्याची पद्धत वेगळी, आणि तेवढ्याने गोळी बनते किंवा फुटते. या विषयात मला सगळ्यात जास्त ओढून घेणारी गोष्ट हीच. २००९ मध्ये पॅरासिटामॉलचे ऑक्झॅलिक ॲसिड, थिओफिलिन, नॅप्थलीन आणि फेनाझिन यांच्याबरोबर को-क्रिस्टल (दोन पदार्थांचे एकत्र स्फटिक) करून सपाट थर मिळवले गेले, आणि त्या पावडरी साध्या पॅरासिटामॉलपेक्षा चांगल्या दाबल्या गेल्या. नॅप्थलीन कोणी गोळीत घालणार नाही, पण रचना बदलली की वागणूक बदलते हे त्यातून लख्ख दिसलं.

आमच्या गोळीत पॅरासिटामॉल ताण देणार हे गृहीत धरायचं. तो ताण पेलणारे जोड कुठून आणायचे, आणि सात मिलिसेकंदांत कसे, एवढंच आपल्या हातात.

१३ तारखेच्या गोळ्यांचा व्यास परत घेतला होता, त्याची नोंद इथे : दुसऱ्या दिवशी १२.६०. फुगणं डायबाहेर आल्यावरही थोडं चालूच राहिलं.

१ जुलै

हवेची शंका दूर करायची होती. वेग जास्त असला की पावडरीतली हवा निसटू शकत नाही, दाबली जाते, आणि दाब सुटला की टोपी ढकलते, असं जुनं स्पष्टीकरण आहे आणि ते काही वेळा खरंही असतं. अडचण अशी की वेग कमी केला तर हवेलाही वेळ मिळतो आणि प्लॅस्टिक कणांनाही. त्यामुळे वेगावरून दोन्हींत निवाडा होत नाही. म्हणून वेग तोच ठेवून, १०० मेशखालचे फाइन्स (अगदी बारीक कण) चाळून टाकले. हवा अडकते ती मुख्यतः फाइन्समुळे. कॅपिंग थोडं कमी झालं, गेलं नाही. हवेचा वाटा आहे, पण लहान. मुख्य कारण लवचिक फुगवटा आणि कच्चा जोड.

४ जुलै

एफबीडीच्या (ग्रॅन्युल सुकवणाऱ्या ड्रायरच्या) नोंदी मागवल्या. जी बॅच फुटली तिचा एलओडी (सुकवल्यावर होणारी वजनाची घट, म्हणजे उरलेला ओलावा) ०.९ टक्के. लहान बॅचचा होता २.१. सुकवणाऱ्या काकांनी कारण सांगितलं : पावसाळा सुरू झाला की ग्रॅन्युल ओले राहतील या भीतीने दहा-पंधरा मिनिटं जास्त देतात. काळजीपोटीच. आमच्या इथे वाळूजला पाऊस बेताचा, पण जूनमध्ये बाहेरची हवा दमट होतेच.

पाणी इथे बाइंडरचा सोबती आहे. पीव्हीपी आणि स्टार्च थोड्या ओलाव्यात मऊ राहतात आणि दाबाखाली वाहतात. कोरडे पडले की काचेसारखे कडक होतात, आणि मग ग्रॅन्युल दबण्याऐवजी जसाच्या तसा राहतो. १३ जूनला सुईने काढलेला तो सबंध ग्रॅन्युल आठवला की हे जुळतं. फार ओलावाही चालत नाही. पंचला चिकटतं आणि जोड पुन्हा सैल पडतात.

९ जुलै

सुधारलेली ट्रायल, मोठं मशीन. एलओडी १.८ ते २.२ मध्ये धरला. ग्रॅन्युलच्या आतला काही स्टार्च कमी करून एमसीसी १०२ बाहेरून घातलं, म्हणजे जोड जिथे कच्चा आहे तिथेच प्लॅस्टिक कण. स्टिअरेट ०.५ टक्के, शेवटी, ३ मिनिटं. प्रीकॉम्प्रेशन (मुख्य दाबाआधीचा हलका दाब) २ वरून ५ किलोन्यूटन. त्याने हवाही आधी निघते आणि कणांना दाबाखाली दोनदा वेळ मिळतो. मेन कॉम्प्रेशन १४.

४५ आरपीएम, ड्वेल टाइम ९.८ मिलिसेकंद : हार्डनेस १०५ ते ११५, फ्रायबिलिटी ०.४ टक्के, शंभर फेऱ्यांनंतर एकही गोळी तडकलेली नाही. हे दुसरं महत्त्वाचं, कारण वजनाची घट एका टक्क्याच्या आत असली तरी एक गोळी फुटली की चाचणी नापास. ६० आरपीएमला नेलं आणि अधूनमधून टोपी पुन्हा दिसली. पीव्हीपी ३ टक्केच आहे, त्याला हात लावलेला नाही.

प्रॉडक्शन ४५ वर खूश नाही. त्यांचंही बरोबर आहे, ऑर्डर ६० च्या हिशेबाने घेतलेली.

१६ जुलै

६० आरपीएमसाठी एमसीसी आणखी वाढवण्याचा मोह होता. नाही वाढवलं. एमसीसीलाच वेळ लागतो. वेळ कमी असताना तेच आणखी घालून किती मिळणार? त्याऐवजी बाहेरच्या भागात थोडं फॉस्फेट घातलं, गोळीच्या सुमारे ५ टक्के, वजन त्या प्रमाणात वाढवून. फॉस्फेट फुटायला सात मिलिसेकंद भरपूर झाले. त्याचे तुकडे एमसीसीच्या फटी भरतात, लुब्रिकंटचा थर नसलेले कोरे पृष्ठभाग देतात, आणि एमसीसी ते तुकडे धरून ठेवतं. एकटं फॉस्फेट कमकुवत, एकटं एमसीसी मंद. दोघं मिळून वेगाला टिकतात.

६० आरपीएम, प्रीकॉम्प्रेशन ५, मेन १४ किलोन्यूटन. हार्डनेस ९८ ते १०८. व्यास १२.५५. फ्रायबिलिटी ०.५ टक्के, तडा नाही. टरेटच्या एका फेरीच्या गोळ्या पुन्हा स्टेशनवार घेतल्या, सगळ्या भिंगाखाली कडेने फिरवून पाहिल्या. विघटन चार मिनिटांत, मर्यादा १५ ची. काकांनी न सांगता हॉपर जवळजवळ रिकामा होईपर्यंत मशीन चालवलं, कारण फाइन्स शेवटी जमतात आणि खरी परीक्षा तिथे असते. शेवटच्या गोळ्याही साबूत.

उद्या डिसोल्यूशन (औषध किती विरघळतं याची चाचणी) : यूएसपीप्रमाणे (अमेरिकन फार्माकोपिया) ५.८ पीएचचा फॉस्फेट बफर, ९०० मिली, पॅडल ५० आरपीएम, ३० मिनिटं. पुढची बॅच मुद्दाम १.५ टक्के एलओडीवर घ्यायची, कारण श्रावणात कोणीतरी पुन्हा दहा मिनिटं जास्त सुकवणार. आणि बॅच रेकॉर्डमध्ये आरपीएमच्या शेजारी ड्वेल टाइमचा रकाना वाढवण्यासाठी चेंज कंट्रोल (बदलाच्या मंजुरीचा अर्ज) आज टाकला.